वझीरची घाई

"…मग खोट पायात आहे, की डोक्यात?"

"कुणाच्या?" दस्तगीरचाचांनी मान वर न करता विचारलं.

"थट्टा नको, चाचा. वझीरच्या."

चाचा वझीरचा पुढचा उजवा पाय गुडघ्यांत धरून खूर तासत होते. वझीर म्हणजे सोळा वर्षांचा, तेल्या कुमैत, म्हणजे काळपट तांबड्या रंगाचा, उंचापुरा घोडा. न्हाव्याच्या खुर्चीत एखाद्याने डुलकी काढावी तसा तो तीन पायांवर उभा राहून डोळे मिटत होता.

"खोट हाय हे कुणी सांगितलं?"

"सगळे सांगतात. परीक्षक सांगतात, प्रशिक्षक सांगतात. मला स्वतःला दिसतंय."

"मग मला कशाला इचारतीस?"



विचारणारी होती देविका रणनवरे. तुम्ही पेपरचं शेवटचं पान वाचत असाल तर नाव ऐकलं असेल. नसाल तरी बिघडत नाही, कारण तिचा खेळ फार कुणी बघत नाही. त्याला ड्रेसाज म्हणतात. घोड्याची कवायत. ना शर्यत, ना उडी. घोडा मैदानात येतो, थांबतो, तिरका चालतो, जागच्या जागी पावलं टाकतो, धावता धावता पाय बदलतो. आणि वरचा स्वार ताठ, निवांत, जणू बसच्या खिडकीत बसलाय. स्वाराने घोड्याला काय खूण केली ते दिसता कामा नये. दिसली की गुण गेले.

देविका यात चार वेळा देशात पहिली आली होती. चारही वेळा वझीरवर.

चाचा तिला बाराव्या वर्षापासून ओळखत. तेव्हा ती उड्यांच्या स्पर्धेत होती. दोनदा पडली, एकदा खांद्याचं हाड मोडलं, आणि ड्रेसाजकडे वळली. पुण्याच्या एका निवृत्त रिसालदाराने तिला दोन्ही कोपरांखाली रुमाल धरून घोड्यावर बसवलं. रुमाल पडला की मैदानाला एक फेरी, आणि तीही पायी. पहिल्या वर्षी ती घोड्यापेक्षा जास्त चालली.

मग रुमाल पडेनासे झाले. मग तिचे हात हललेले दिसेनात. मग पाय दिसेनात. चौदा वर्षं तिने एकच गोष्ट केली. आपण काय करतो ते लपवलं.

एका वर्तमानपत्राने तिच्यावर लिहिलं होतं, 'घोड्यावर ही काहीच करत नाही.' ते कात्रण तिने चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं. तिची आई पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवते आणि वर विचारते, "मग बक्षीस हिला का देतात हो?"

देविका गर्विष्ठ होती का? होती. पण चार सुवर्णपदकं मिळाल्यावर कोण नसतं? मी अजून तिसरीतल्या संगीतखुर्चीचा कप लोकांना दाखवतो.

मी म्हणजे कुणी नाही. मिरजेत घोडे आता मोजकेच उरलेत आणि नालबंद त्याहून कमी, तरी चाचांच्या बाकड्यावर मी रोज दुपारच्या चहाला जाऊन बसतो. चहा त्यांचा, बाकडं त्यांचं, फक्त गप्पा माझ्या. त्या दिवशी मात्र मी तोंड उघडलं नाही.

"हे बघा," देविका म्हणाली आणि पिशवीतून परीक्षकांचे कागद काढले. "फेब्रुवारी. 'वळण आज्ञेआधी.' एप्रिल. 'पाय बदलला, आज्ञेआधी.' गेल्या महिन्यात तर तीन जणांनी तेच लिहिलं. 'घोडा स्वाराची वाट पाहत नाही.' चौथी आले मी, चाचा. चौथी!"

"चौथी बी चांगलीच."

"माझ्यासाठी नाही."

चाचांनी पाय खाली ठेवला, पलीकडे गेले आणि दुसरा पाय उचलला.

हे चाचा आयुष्यात एकदाही घोड्यावर बसलेले नाहीत. साठ वर्षं घोड्याच्या पोटाखाली काढली. 'मी घोडा खालनं वळखतो,' असं ते म्हणतात. तरी लांबून लांबून लोक त्यांना घोड्यांविषयी विचारायला येतात. काही जण तर घोडा न आणताच येतात, आणि आपलंच काहीतरी विचारून जातात.

"मी सांगायच्या आत करतो तो," देविका म्हणाली. "डावीकडे न्यायचं म्हणून मी टाच लावायला जाते, तोवर हा निघालेला! मला वाटतं म्हातारा झाला. किंवा पाय दुखत असतील, म्हणून लवकर उरकून टाकतो."

"मग?"

"तीन आठवड्यांवर निवड चाचणी आहे. नवा घोडा आणलाय. नऊ वर्षांचा."

"त्यो कसा हाय?"

"शिस्तीचा. सांगितल्याशिवाय पाऊल उचलत नाही. दोनदा सांगावं लागतं, पण मग करतो."

"आन् ह्यो?"

तिने वझीरकडे पाहिलं नाही.

"निपाणीच्या एका कारखानदारांना दिलाय. बंगल्यासमोर हिरवळ आहे मोठी. आरामात राहील. तुम्ही नवे नाल मारलेत की इथूनच निघेल. गाडी आणलीय."

फाटकाशी घोडे न्यायची गाडी उभी होती. मागची फळी उतरवून ठेवलेली. ड्रायव्हर बिराप्पा फळीच्या कडेला बसून बशीतून चहा पीत होता.

"म्हंजे दिऊन झाला," चाचा म्हणाले.

"हो."

"मग खोट कुठं हाय ते कळून काय करणार?"

"कळलेलं बरं असतं." आणि मग जरा हळू, "म्हणजे मनाला लागून राहत नाही."

चाचांनी चारही खूर तपासले. बोटांनी दाबून पाहिले, हातोडीने वाजवून पाहिले. घोट्यांवरून, नळ्यांवरून हात फिरवला. मग कमरेवर हात ठेवून सावकाश उभे राहिले.

"पाय सोन्यासारखं हायत. अजून आठ वर्सं काढंल."

देविकाचा चेहरा पडला. घोड्याचे पाय चांगले आहेत हे ऐकून पडलेला चेहरा मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"म्हणजे डोक्यातच आहे," ती म्हणाली.

चाचांनी नाल मारले. घाम पुसला. पाणी प्यायले. मग म्हणाले,

"बस वर."

"इथे?"

दुकानामागे मोकळं मैदान आहे. एका टोकाला चिंच, एका टोकाला कडुनिंब, मध्ये जुना दगडी हौद. एका कोपऱ्यात कुणाच्यातरी पाच शेळ्या बांधल्या होत्या.

"चाचा, शेळ्या आहेत तिथे."

"शेळ्या गुण देत न्हाईत. बस."

ती बसली. आणि खरं सांगतो, बसल्याबरोबर ती बाई वेगळीच दिसायला लागली. खाली असताना कपाळावर आठी होती. वर गेल्यावर ती आठी गेली.

तिने वझीरला मैदानात फिरवलं. चालवलं, दुडकवलं, तिरकं नेलं. मला तर सगळं झकास वाटलं. मी टाळ्या वाजवणार होतो, पण चाचांनी माझ्याकडे पाहिलं.

"बघितलंत?" ती मैदानातून ओरडली. "आत्ता! कोपऱ्यावर! मी टाच लावायच्या आत वळला!"

"बघितलं. हिकडं ये."

ती आली.

"लगामाला गाठ मार. मानंवर टाक. हात मांडीवर. पाय ढिलं."

"आणि मग?"

"ती चिंच. त्यो निंब. त्यो हौद. तिन्हीतलं एक मनात धर. सांगायचं न्हाई. मला न्हाई, त्याला बी न्हाई. करायचं काहीच न्हाई."

देविका हसली. "हा काय नंदीबैल आहे, चाचा?"

"नंदीबैल मान हलवतो. ह्यो पाय हलवतोय का बघू."

तिने हात मांडीवर ठेवले. समोर पाहत राहिली.

…

वझीरने एक कान मागे केला. मग निघाला. सरळ चिंचेखाली जाऊन थांबला.

"काय धरलं हुतंस?"

"…चिंच." आणि लगेच, "पण सावली आहे इथे. तो आलाच असता."

"आसंल. पुन्यांदा."

या वेळी वझीर हौदाशी गेला.

"हौद?"

"हौद. तहान लागली असेल त्याला."

वझीरने पाण्याला तोंडही लावलं नाही.

"पुन्यांदा," चाचा म्हणाले.

तिसऱ्या वेळी देविका बराच वेळ बसून राहिली. ओठ घट्ट मिटलेले. काहीतरी बेत चालला होता, तो आम्हाला बाकड्यावरूनही कळत होता. वझीरने एक कान मागे केला. मग दुसरा. मग फोस्सकन नाकातून वारा सोडला, चिंच टाकली, निंब टाकला, हौद टाकला, आणि थेट कोपऱ्यात जाऊन त्या पाच शेळ्यांच्या मधोमध उभा राहिला. पाहुणा नको त्या घरात शिरल्यावर उभा राहतो तसा, अंग चोरून.

शेळ्यांनी एकच गिल्ला केला.

"म्या तीनच सांगितलं हुतं," चाचा म्हणाले.

देविका हसायला लागली. तिला हसू आवरेना. एक शेळी तिची पायताणं हुंगत होती. घोड्यावर बसून हसताना तिला कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्याचे बहुधा गुण जातात.

हसू ओसरलं तशी ती वझीरच्या मानेकडे पाहत राहिली.

"पण मी काहीच केलं नाही, चाचा."

"केलंस."

"काय केलं?"

"मला काय ठावं? मला दिसलं न्हाई. कुणालाच दिसत न्हाई. एवढी वर्सं त्येच तर शिकलीस." चाचा थांबले. "आता तुला बी दिसंना झालंय."

"म्हणजे परीक्षक म्हणतात तो आज्ञेआधी…"

"त्यास्नी तुझी टाच दिसती. टाच मागनं येती."

"म्हणजे वझीर लवकर करत नाही?"

"घोडा बरोबर येळंला हाय. टाच उशिरा हाय."

तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं ते मी पाहिलं. दहाबारा महिने तिने या घोड्याला दटावलं होतं, अडवलं होतं, बेशिस्त म्हटलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. फक्त हिचा कळसा चारशेऐंशी किलोचा होता.

पण माणूस बघा कसं असतं. तिची पाठ परत ताठ झाली. हनुवटी वर गेली.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी इतकी पुढे गेलेय की मनात आलं तरी त्याला पुरतं. देशात कुणालाही हे…"

"आता काहीच मनात धरू नगंस," चाचा मध्येच म्हणाले.

"काहीच?"

"काहीच. त्यात काय अवघड? घोड्यावर काहीच न करनारी बाई तू."

तिला ते टोचलं. तिने डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले, श्वास सोडला.

…

वझीर उभा राहिला.

चाचांनी कपात चहा ओतला. मला दिला. स्वतः घेतला.

…

वझीरचा एक कान मागे झाला. मग दुसरा. दोन्ही कान तसेच मागे राहिले, बराच वेळ. मग त्याने पाऊल उचललं.

चिंचेकडे नाही. हौदाकडे नाही. निंबाकडेही नाही. तो मैदान ओलांडून, आमच्या बाकड्याशेजारून, फाटकाच्या दिशेने चालला. चाल एकदम सावकाश. नवे नाल दगडांवर वाजत होते. देविकाचे डोळे मिटलेलेच होते.

बिराप्पा चहाची बशी हातात धरून उठला आणि बाजूला झाला.

वझीरने पुढचा एक पाय गाडीच्या फळीवर ठेवला. मग दुसरा. फळी धाडकन वाजली.

देविकाने डोळे उघडले.

"अरेच्चा!" बिराप्पा म्हणाला. "मॅडम, हे काय नवल? रोज याला चढवायला अर्धा तास गूळ दाखवावा लागतोय. आज सकाळी तर मी आणि शेजारचे दोघं मागनं ढकलत होतो. आत्ता आपण होऊन चढायलाय!"



घोड्याच्या मानेवरची कातडी थरथरत होती. ते मला दिसत होतं, म्हणजे तिला तर दिसतच असणार. गाडीच्या आत अंधार होता. वझीर त्या अंधाराकडे बघत होता. त्याला आत जायचं नव्हतं हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तरी त्याने पाय मागे घेतला नाही.

"मी हे नव्हतं धरलं…" ती म्हणाली.

चाचा चहा पीत होते.

"नव्हतं धरलं, चाचा!"

तिने मान खाली घातली. पुढचं ती आम्हाला सांगत होती की वझीरला, ते कळलं नाही.

"चार दिवस झोप नाही मला. एकच चाललंय डोक्यात. कधी एकदा गाडीत चढेल, फळी लागेल, आणि सुटेन मी…"

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने ते पुसलंही नाही, कारण हात मांडीवर ठेवायला सांगितले होते आणि ते उचलायचं तिला सुचलं नसावं. मला फार वाईट वाटलं. घोड्याचंही आणि तिचंही. चार सुवर्णपदकांत जे कुणी तिला सांगितलं नाही, ते एका लाकडी फळीवर दोन पाय ठेवून वझीरने सांगितलं होतं. मालकिणीला आपण नको असलो, तर तेही तो ऐकणार होता.

"निपाणीचे लोक पाच वाजता वाट बघायलेत मॅडम," बिराप्पा हळूच म्हणाला. "घेऊ का आत?"



वझीरने मागचा डावा पाय उचलला. फळीवर ठेवण्यासाठी तो अधांतरी धरला.

देविका तशीच बसली होती. लगाम मानेवर गाठ मारून पडलेला. पाय ढिले. तोंडातून शब्द नाही. शपथेवर सांगतो, हातपाय तर सोडाच, तिची पापणीही हलली नाही.

आणि वझीर उसळला.

असा मागे आला की काय सांगू! दोन्ही पाय फळीवरून उचलून, बूड खाली घालून, सरळ रेषेत, सपासप, दहा पावलं, बारा पावलं, पंधरा. बिराप्पाची बशी उडाली. मी बाकड्यासकट मागे सरकलो. शेळ्यांनी दावी ताणून पुन्हा गिल्ला सुरू केला. देविका रणनवरे, चार वेळची राष्ट्रीय विजेती, पहिल्यांदा घोड्यावर बसलेल्या पोरीसारखी दोन्ही हातांनी आयाळ धरून, रिकिबीतून एक पाय सुटलेला, केस तोंडावर, रडत होती आणि हसत होती.

वझीर हौदाला टेकून थांबला. थांबला तो चौकोनी, चारही पाय बरोबर, परीक्षकांपुढे थांबतात तसा. कान मागे, तिच्याकडे.

बिराप्पाने फुटलेल्या बशीकडे पाहिलं, देविकाकडे पाहिलं, आणि न विचारताच गाडीची फळी वर उचलून कडी लावली.

चाचांनी कप खाली ठेवला.

"जरा हळू की, पोरी," ते म्हणाले. "वरडतीस कशाला? भैरा हाय का त्यो?"